साडेसहावा पडदा : माउंटन डल्सिमर आणि त्याच्याभोवतीची माणसं



आजचा विषय तसा आपल्यापासून बराच दूरचा. अमेरिकेच्या पूर्वेकडे ॲपलेशियन डोंगररांगा आहेत. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांचे मोठे भाग त्या डोंगरांत येतात. तिथलं एक वाद्य आहे, माउंटन डल्सिमर. त्याच्याबद्दल आणि ते वाजवणाऱ्या मंडळींबद्दल आपण बोलणार आहोत.

या वाद्याच्या दांडीवर सहाव्या आणि सातव्या पडद्याच्या मध्ये कधी कधी एक जादा पडदा बसवलेला असतो. पडदा म्हणजे सतारीला असतो तो. या जादा पडद्याला तिकडे ‘साडेसहावा’ म्हणतात. तो असावा की नसावा, यावर डल्सिमरवाल्यांत गेली चाळीस-पन्नास वर्षं वाद चालू आहे. बाहेरच्या माणसाला हसूच येईल, एवढ्याशा तारेच्या तुकड्यावरून काय भांडता म्हणून. पण त्या तुकड्यात एक खरा प्रश्न आहे. तीस माणसांना एकत्र बसून वाजवायचं असेल, तर सगळ्यांना काहीतरी एकसारखं करून घ्यावं लागतं. ते करताना संगीतातलं काय जातं? आणि जे गेलं त्याची त्या तीस जणांना खबर असते का?

आमचं मत आधीच सांगून टाकतो, मग कारणं देतो. विसाव्या शतकात डल्सिमरला नवं आयुष्य मिळालं, त्यातून माणसं जोडण्याचं काम फार चांगलं झालं. पण माणसं जोडण्यासाठी जे जे सोपं करून घेतलं, त्यानेच वाद्याचं मूळचं संगीत आटत गेलं. हे दोन्ही एकाच कारणाने झालं, म्हणून प्रश्न अवघड आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. ‘डल्सिमर’ नावाची दोन वाद्यं आहेत. एक छोट्या हातोड्यांनी वाजवतात. ते आपल्या संतूरच्या गोत्रातलं, त्याच्याशी आज काम नाही. माउंटन डल्सिमर म्हणजे साधारण तीन फूट लांबीची, अरुंद, पोकळ लाकडी पेटी. वरच्या बाजूला मधोमध लांबीभर एक दांडी चिकटवलेली, तिच्यावर पडदे, आणि पडद्यांवरून जाणाऱ्या तीन तारा. काही वाद्यांना चार तारा असतात, पण तेव्हा बहुधा सुरावटीची तारच जोडीने लावलेली असते. वाद्य मांडीवर आडवं ठेवायचं. जुनी पद्धत अशी, की डाव्या हातात लाकडाची बोटभर कांडी धरायची, तिला नोटर म्हणतात. ती जवळच्या तारेवर दाबत पुढे-मागे सरकवायची. उजव्या हातात पक्ष्याच्या मोठ्या पिसाचा देठ घ्यायचा आणि सगळ्या तारा एकदम छेडायच्या. सुरावट त्या एकाच तारेवर चालते. बाकीच्या दोन तारा षड्ज आणि पंचम भरत राहतात. म्हणजे गाणं आणि तंबोरा एकाच पेटीत. बांधणीच्या दृष्टीने पाहिलं तर आपल्या मिरवणुकीतला बेंजो, म्हणजे बुलबुलतरंग, याच जातीचा. अमेरिकन बँजोशी त्याचं फक्त नाव जुळतं.

आता पडद्यांकडे येऊ. सतारीचे पडदे सरकवता येतात, डल्सिमरचे ठोकून पक्के केलेले असतात. आणि ते बाराही स्वरांचे नसतात, सप्तकात सातच. पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या आहेत असं समजा. मोकळ्या तारेला सा मानून चढत गेलात तर निषाद कोमल लागतो, म्हणजे आपला खमाज थाट. तिसऱ्या पडद्याला सा माना, बिलावल मिळेल. पहिल्याला माना, आसावरी. चौथ्याला माना, काफी. पडदे तेच, सा हलला की थाट बदलला. आपल्याकडे मूर्च्छनेचं तत्त्व म्हणून जे शिकवतात, तेच हे.

पण साथीच्या तारा सा आणि प धरून बसलेल्या आहेत, त्यांना कसं हलवणार? मग सुरावटीची तार वेगळी लावायची. ती पंचमात लावली की बिलावल, वरच्या षड्जात लावली की खमाज, कोमल निषादात आसावरी, मध्यमात काफी. केंटकीच्या डोंगरात वाजवणाऱ्या जुन्या माणसाला यातलं एकही नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण दुसऱ्या वळणाचं गाणं म्हणायचं तर आधी खुंटी पिळायची, हे हाताला ठाऊक होतं. खुंटी पिळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात वाजवणाऱ्याचा कान एका गाण्यातून निघून दुसऱ्यात शिरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास, कारण या वाद्याभोवती दंतकथा फार आहेत. सगळ्यांत आवडती दंतकथा अशी, की हे अतिप्राचीन वाद्य इंग्लंड-स्कॉटलंडहून जहाजात बसून डोंगरात आलं. प्रत्यक्षात त्याचा पूर्वज जर्मन आहे, शाइटहोल्ट नावाचा. मिखाएल प्रेटोरियस या संगीतज्ञाने १६१९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला भिकाऱ्यांच्या वाद्यांच्या रांगेत बसवलं. जर्मन वसाहतवाल्यांनी ते पेनसिल्व्हेनियात नेलं. तिथून खोऱ्याखोऱ्याने दक्षिणेकडे सरकताना, एकोणिसाव्या शतकात, त्याची पेटी मोठी झाली, दांडी वर उचलली गेली, आणि ब्रिटिश वंशाच्या शेजाऱ्यांनी त्याच्यावर आपली गाणी बसवली. म्हणजे डल्सिमर ही अमेरिकेतलीच, शेजारधर्मातून झालेली वस्तू आहे.

ती डोंगरात घरोघरी होती, असंही नाही. फिडल आणि बँजो कितीतरी जास्त घरांत होते. डल्सिमर ठिकठिकाणी, एखाद्या खोऱ्यात, एखाद्या कुटुंबात. आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं. केंटकीच्या नॉट काउंटीत एड थॉमस (१८५०–१९३३) हा कारागीर कमरेशी बारीक, नाजूक वाद्यं करायचा, त्यांना बदामाच्या आकाराची भोकं असत. आज डल्सिमर म्हटलं की हाच आकार डोळ्यांपुढे येतो. पण व्हर्जिनियात गॅलॅक्स गावाच्या परिसरात मेल्टन घराण्याची वाद्यं मोठी, फुगीर, सगळ्या तारा एकाच स्वरात लावलेल्या. ती फिडल-बँजोच्या जोडीने नाचाच्या चाली वेगात वाजवायची. एक वाद्य चुलीजवळचं, दुसरं नाचाच्या फळीजवळचं.

मग नाजूक, गोड, चुलीजवळच्या डल्सिमरचंच चित्र कसं पसरलं? इथे हाइंडमन सेटलमेंट स्कूलकडे पाहावं लागतं. मे स्टोन आणि कॅथरीन पेटिट या दोघींनी १९०२ मध्ये नॉट काउंटीत ही शाळा काढली. त्यांचं शिक्षणाचं काम मोठं, त्याबद्दल शंका नाही. पण डोंगरी संस्कृतीतलं काय जपायचं, हे अशा शाळांनी निवडलं. जुनी इंग्रजी कथागीतं आणि डल्सिमर त्यांना जपण्याजोगे वाटले. बँजोला दारू, नाच आणि धिंगाण्याचा वास येत होता. १९१६ ते १९१८ या काळात इंग्लंडहून सेसिल शार्प या डोंगरांत गाणी गोळा करत फिरला, तोही मुख्यतः इंग्लंडमधून आलेलं काय उरलंय हे शोधत. डेव्हिड व्हिसनंट या अभ्यासकाने १९८३ मधल्या आपल्या पुस्तकात या निवडीची चांगली झडती घेतली आहे.

या निवडीत काय वगळलं गेलं ते नीट पाहा. बँजो हे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या ज्ञानातून अमेरिकेत घडलेलं वाद्य. तो बाजूला ठेवून डल्सिमर पुढे केला, की डोंगर आपोआप ‘शुद्ध’ आणि गोरा दिसायला लागतो. वाद्याचा यात दोष नाही. पण आजही डल्सिमरच्या मेळाव्यांत ‘आमच्या पूर्वजांचा निर्मळ सूर’ असं काही ऐकू आलं, की या निवडीची आठवण ठेवायला हवी. जर्मन पेटी, ब्रिटिश गाणी, शेजारच्या पायरीवर बँजो, हा खरा डोंगर.

आता जीन रिची. तिच्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. १९२२ मध्ये केंटकीतल्या वायपर या वस्तीत जन्म, चौदा भावंडांतली शेवटची. वडिलांकडे डल्सिमर होता आणि मुलांनी त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता. ही पोर तो गुपचूप वाजवायची. पुढे समाजकार्याचं शिक्षण घेऊन ती न्यूयॉर्कला गेली, तिथल्या वस्तीत मुलांना घरची गाणी शिकवू लागली, आणि तिथून शहरी श्रोत्यांपुढे आली. १९५२ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने तिची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. १९६३ मध्ये तिचं ‘द डल्सिमर बुक’ आलं. त्या पुस्तकाने हजारो शहरी तरुणांना कळलं, की असं एक वाद्य असतं आणि ते आपल्यालाही येऊ शकतं. २०१५ मध्ये ती वारली.

रिचीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची. लोकांनी तिला डोंगराची गोड आई करून टाकलं. पण ह्याच बाईने कोळशाच्या खाणींनी डोंगर कसे खरवडले, नद्या कशा काळ्या केल्या, खाणी बंद पडल्यावर गावं कशी ओस पडली, यावर गाणी लिहिली. त्यांतली काही तर टोपणनावाने. मांडीवरचं वाद्य गोड आहे म्हणून गाण्याचा विषयही गोडच असला पाहिजे, असं तिने कधी मानलं नाही. तिच्या नावाने भरणाऱ्या मैफलींत ही गाणी किती वेळा ऐकू येतात, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनी स्वतःला विचारावा.

तिच्यानंतर वाद्य वेगाने पसरलं. रिचर्ड फरीनाने ते साठच्या दशकात जवळजवळ तालवाद्यासारखं वाजवलं. जोनी मिचेलच्या १९७१ मधल्या ‘ब्लू’ या संचात चार गाण्यांत डल्सिमर आहे, जोएलन लॅपिडस या कारागिरणीने केलेला. गिटारच्या काळात वाढलेल्या या पिढीला आता सगळ्या तारांवर बोटं ठेवून कॉर्ड धरायच्या होत्या. जुन्या वाद्यांत अनेकदा पडदे फक्त सुरावटीच्या तारेखाली असत, नवीन वाद्यांत ते दांडीच्या रुंदीभर आले. आणि साडेसहावा पडदा आला.

तो करतो काय? तार वरच्या षड्जात लावली की खमाज मिळतो हे आपण पाहिलं. त्यात साडेसहाव्याने शुद्ध निषाद मिळाला. म्हणजे एकाच लावणीत खमाज आणि बिलावल दोन्ही, खुंटीला हात न लावता. पाश्चात्त्य भाषेत ही डी-ए-डी लावणी, आणि बहुसंख्य गाणी तर बिलावलच्याच घरातली. पुस्तकं या लावणीत निघू लागली, शिबिरं या लावणीत होऊ लागली. स्वरलिपीऐवजी पडद्यांचे आकडे लिहायची सोपी पद्धत रूढ झाली. कागदावर ३ दिसला की तिसरा पडदा दाबा. पुढे कोमल गंधारासाठी ‘दीडवा’ पडदा आला, आणि काहींनी तर बाराही स्वरांचे पडदे बसवले.

यातून जे उभं राहिलं त्याची थट्टा आम्ही करणार नाही. ग्रंथालयाच्या खोलीत, चर्चच्या हॉलमध्ये, कुणाच्या घरी, लोक गोलात खुर्च्या मांडून बसतात. पुष्कळ जण निवृत्त. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाद्य हातात घेतलेलं असतं. लहानपणी ‘तुला सूर नाही’ असं ऐकून गप्प बसलेली माणसं असतात. डल्सिमरवर पहिल्याच दिवशी ओळखू येणारी चाल वाजते, कारण परका स्वर दांडीवर नसतोच, आणि साथीच्या तारा चुकलेल्यालाही सांभाळून घेतात. नवख्यांसाठी मुद्दाम संथ लयीत वाजवतात. बाजूची बाई वही सरकवते, ‘इथे आहोत आपण’ म्हणून बोट ठेवते. परीक्षा नाही, प्रवेशिका नाही. स्पर्धाही आहेत. कॅन्ससमधल्या विनफील्डच्या वॉलनट व्हॅली महोत्सवात डल्सिमरची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि तिथे थक्क करणारे वादक येतात. पण या जगाचा कणा म्हणजे हा खुर्च्यांचा गोल. केंटकीने २००१ मध्ये डल्सिमरला राज्याचं अधिकृत वाद्य केलं. भिकाऱ्यांच्या रांगेतून इथवर त्याला आणलं ते याच गोलाने.

हाइंडमनमध्ये तर आजच्या काळात वाद्य बनवणं हे नशेतून बाहेर येणाऱ्या माणसांसाठी काम झालं आहे. पूर्व केंटकीत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने घरंच्या घरं बसली. तिथे लाकूड तासणं, पडदे मोजून बसवणं, यातून काहींना रोजचा दिवस आणि पगार मिळाला. जुलै २०२२ च्या पुराने हाइंडमनमधला वाद्यांचा कारखाना आणि शाळेचं जुनं दफ्तर, दोन्हींत पाणी शिरलं. त्यातून ती माणसं पुन्हा उभी राहिली. जेथ्रो ॲम्बर्गी नावाचा कारागीर एड थॉमसकडून शिकला आणि त्याच शाळेत सुतारकाम शिकवायचा, त्या धाग्याचंच हे पुढचं टोक.

आता दुसरी बाजू. त्या गोलात तुम्ही दुपारभर बसलात, तर बहुधा दुपारभर एकच सा ऐकाल. एकच लावणी, आणि बहुतेक गाणी बिलावलच्या अंगाची. आसावरी आणि काफीच्या वळणाची गाणी, म्हणजे खून, विरह, समुद्रात बुडालेली माणसं यांची जुनी कथागीतं, मागे पडतात, कारण त्यांच्यासाठी तीस जणांनी खुंट्या पिळायला हव्यात. आम्ही म्हणालो होतो ना, त्या वेळाची आठवण ठेवा. तो वेळ वाचवला आणि त्याबरोबर कानाचं वळण बदलणंही गेलं.

दुसरं, कॉर्ड धरल्या की साथीच्या तारांचा अखंड षड्ज-पंचम तुटतो. आपल्याला तंबोऱ्याची सवय आहे, म्हणून हे नुकसान आपल्याला पटकन कळावं. त्या अखंड सुरावर शुद्ध गंधार आणि कोमल गंधार यांत जो फरक जाणवतो, तो बदलत्या कॉर्डवर तसा जाणवत नाही.

तिसरं सगळ्यांत मोठं. आकड्यांच्या कागदाने डोळे खाली गेले आणि तोंड बंद झालं. रिचीच्या घरात आधी गाणं होतं आणि वाद्य त्याच्या सोबतीला होतं. आजच्या गोलात कथागीताची चाल वाजते, कथा कुणी सांगत नाही. कोण बुडालं, कुणी कुणाला फसवलं, काही कळत नाही. सुंदर चाल म्हणून सगळे मान डोलावतात.

यावर तिथली मंडळी तीन उत्तरं देतात, आणि तिन्ही विचार करण्यासारखी आहेत. एक, वाद्य नेहमीच बदलत आलं, एड थॉमसनेही बदललं, मग आम्हीच का थांबायचं? बरोबर. म्हणूनच जुन्या वाद्याची पूजा करा असं आमचं म्हणणं नाही. दोन, तीस वाद्यं पुन्हा लावायला पंधरा मिनिटं जातात, तारा तुटतात, नवखा माणूस रडकुंडीला येतो. हेही खरं. तीन, कठीण केलं तर माणसं येणार नाहीत, आणि माणसंच नसतील तर परंपरा कुणासाठी? हे उत्तर सगळ्यांत वजनदार.

पण त्यात एक गृहीत दडलंय, की सोपं म्हणजे एकसारखं. डल्सिमरवर ही गोष्ट खोटी ठरते. कोमल निषादात तार लावली तरी वाजवणं तितकंच सोपं राहतं, एकाच तारेवर कांडी फिरवायची. अवघड असतं ते सगळ्यांनी मिळून थांबणं आणि लावणं. म्हणजे अडचण बोटांची नाही, वेळापत्रकाची आहे. आणि वेळापत्रक बदलता येतं.

तेव्हा आमचा निवाडा असा. साडेसहावा पडदा राहू द्या. त्याने कुणाचं वाकडं केलेलं नाही, नको असेल तेव्हा ओलांडून पुढे जाता येतं. नुकसान केलं ते त्याच्यामुळे लागलेल्या सवयीने. दर बैठकीत मध्यंतरानंतरचा अर्धा तास दुसऱ्या लावणीत करा, चहाच्या वेळात तारा लावून होतील. एक फेरी कागदाशिवाय करा, आणि त्या फेरीत कुणीतरी शब्द म्हणा, आवाज कसाही असो. बँजोवाल्याला गोलात बोलवा, म्हणजे गॅलॅक्सचं घराणंही परत येईल आणि शुद्धतेची गोष्टही आपोआप विरेल. बारा स्वरांच्या डल्सिमरबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. त्यावर उत्तम कलाकार उत्तम काम करतात, पण तो रस्ता गिटारकडे जातो, आणि गिटार आधीच आहे. थोडे स्वर असल्यामुळे ज्याला पहिल्या दिवशी धीर आला, तो नवखा त्या बारा पडद्यांपुढे पुन्हा एकटा पडतो.

ऐकायचं असेल तर तीन गोष्टी सुचवतो. जीन रिचीची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं ऐका, वाद्य किती कमी वाजतं आणि किती पुरतं ते कळेल. मग गॅलॅक्सच्या बाजाचं काही मिळालं तर ऐका, दोन खोऱ्यांतलं अंतर कळेल. शेवटी ‘ब्लू’ ऐका. आणि घरी पेटी असेल तर सा-प धरून आधी बिलावल वाजवा, मग आसावरी. दोन्हींच्या मध्ये क्षणभर थांबा. खुर्च्यांच्या त्या गोलाने नेमकं काय वाचवलं आणि काय सोडलं, ते आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा तेवढ्यात जास्त कळेल.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.